नोकरीसाठी आणि समारंभासाठी पुरुषांचा नेटका पोशाख: मुंबईच्या दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत तो कसा जमवावा?

डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी.

मी एका खाजगी कंपनीत गेली नऊ वर्षे हिशेबाचे काम करतो. आजवर माझा दिवस संगणकासमोर जात असे, त्यामुळे स्वच्छ शर्ट आणि इस्त्रीची पँट यापलीकडे पोशाखाचा विचार करण्याची वेळ आली नाही. दोन महिन्यांपूर्वी बढती मिळाली आणि आता आठवड्यातून दोन-तीन वेळा नरिमन पॉइंटला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात दुसऱ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसमोर बसावे लागते. पहिल्या बैठकीसाठी मी घाईघाईने एक तयार कोट विकत घेतला. विक्रेत्याने मागून पाठीचे कापड मुठीत धरून आरशासमोर उभे केले आणि अगदी मापाचा बसल्याचे सांगितले, ते मी मानले. बैठकीत सही करण्याची वेळ आली तेव्हा बाही अर्ध्या तळहातापर्यंत उतरली होती आणि कागदावर घासत होती. परतताना लिफ्टच्या आरशात पाहिले, तर कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरपासून दोन बोटे सुटलेली होती आणि मागच्या चिरेवर कारखान्यात घातलेला पांढऱ्या दोऱ्याचा फुलीटाका तसाच होता. कोणी काही बोलले नाही, परंतु त्या तासाभरात माझे अर्धे लक्ष आकड्यांऐवजी मनगटाकडे होते, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो. कपडे शिवून घ्यावेत की तयार घ्यावेत? कोणते कापड घ्यावे? आणि डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने निघालेला माणूस जूनच्या उकाड्यात दीड तासाने बैठकीत पोहोचतो, तेव्हा त्याने नीटनेटके कसे दिसावे? डिसेंबरमध्ये धाकट्या बहिणीचे लग्नही आहे, त्यामुळे त्याबद्दलही कोणी लिहिले तर आभारी राहीन.

गिरगावचा शिंपी

मी पस्तीस वर्षे पुरुषांचे कपडे शिवतो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पाठीचे कापड मुठीत धरून आरसा दाखवणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, कारण समोरून कोट अंगासरशी दिसतो आणि मागचा घोळ दिसतच नाही. कोट पाहताना आधी खांदा पाहावा. कोटाची खांद्याची शिवण आपल्या खांद्याचे हाड जिथे संपते तिथेच संपली पाहिजे. त्यापुढे गेली तर बाहीच्या माथ्याशी खळगा पडतो आणि अलीकडे राहिली तर दंडावर आडव्या सुरकुत्या येतात. कंबर आत घेता येते, बाही लहान करता येते, पँटची लांबी कमी-जास्त करता येते, परंतु तयार कोटाचा खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाह्या, अस्तर आणि कॉलर उसवून जवळजवळ पुन्हा शिवणे आले. म्हणून खांदा बसत नसेल तर तो कोट कितीही स्वस्त मिळत असला तरी दुकानातच ठेवून यावा.

तुमच्या कोटाची कॉलर मानेपासून सुटते, याची कारणे बहुधा दोनच असतात. पाठीचा तोल तुमच्या उभे राहण्याशी जुळत नसेल, किंवा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असेल. वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर जड बॅग अडकवून प्रवास करणाऱ्या कितीतरी लोकांचा एक खांदा अर्धा ते पाऊण इंच खाली असलेला मी पाहिला आहे. तयार कोट दोन्ही खांदे सारखे धरूनच कापलेला असतो. शिवून घेताना आम्ही त्या बाजूला पॅड किंचित जाड देतो आणि मुंढा (बाही जिथे जोडतात तो घेर) तेवढाच खाली घेतो, म्हणजे बघणाऱ्याला फरक जाणवत नाही.

माप देताना पोट आत ओढू नये आणि छाती फुगवू नये. रोज जसे उभे राहता तसे उभे राहावे, जे पाकीट आणि फोन खिशात ठेवता ते ठेवूनच माप द्यावे आणि जे बूट घालणार तेच पायांत असावेत. शर्टाच्या गळ्याचे बटण लावल्यावर आत एक बोट सहज फिरले पाहिजे, कारण सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडे आटते. खरे तर सुती कापड आधी रात्रभर पाण्यातून काढून, सावलीत वाळवून मगच कापावे, हे आमच्या वडिलांनी मला पहिल्या महिन्यात शिकवले. आता घाईची गिऱ्हाइके थांबत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते होत नाही. तुम्ही मात्र आग्रह धरा. शर्टाची बाही मनगटाच्या हाडाशी संपावी आणि कोटाची बाही त्याहून अर्धा इंच आखूड असावी, म्हणजे कफची एक बारीक पट्टी दिसत राहते. कोटाच्या बाहीवर खरी काजे पाडलेली असतील तर ती बाही मनगटाकडून लहान करता येत नाही, हेही तयार कोट घेताना बघून घ्यावे.

पँटबद्दल एवढेच सांगतो की मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, ठेवायला सांगा. चाळिशीत कंबर वाढते आणि माया नसेल तर चांगले कापड वाया जाते. पँटचा बॉटम समोरून बुटाच्या वरच्या भागावर एकदाच हलकेच मोडावा. घोट्याशी कापडाच्या तीन-तीन घड्या पडल्या की उंच माणूसही ठेंगणा दिसतो.

आणि ट्रायल दोनदा घ्या. पहिली कच्च्या टाक्यांवर, दुसरी काजे पाडण्याआधी. जो शिंपी ट्रायलला टाळाटाळ करतो त्याच्याकडे कोट टाकू नये.

डोंबिवलीकर

काका, मनापासून धन्यवाद. पाकीट आणि फोन खिशात ठेवून माप द्यावे, हे मला आजवर कोणीच सांगितले नव्हते. बॅग मी बारा वर्षे उजव्याच खांद्यावर अडकवत आलो आहे. काल आरशात नीट पाहिले, तर उजवा खांदा खरोखरच उतरता आहे.

साचेखात्याचा मुलगा

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत, पण कापड हातात घेतल्यावर ते उजेडासमोर धरण्याची त्यांची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांनी शिकवले तेवढे सांगतो.

मुंबईत उन्हापेक्षा घाम जास्त त्रास देतो, कारण हवेतच ओल असल्यामुळे घाम लवकर वाळत नाही. अशा हवेत धागा किती ओल पोटात घेऊ शकतो हे महत्त्वाचे ठरते. प्रमाणित हवेत (मोजणीसाठी ठरवलेल्या तापमानात आणि दमटपणात) सुती धागा वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल धरतो, लिनन सुमारे १२ टक्के, लोकर सुमारे १६ टक्के, आणि पॉलिएस्टर मात्र जेमतेम ०.४ टक्के. म्हणून चकचकीत पॉलिएस्टर शर्टाला सुरकुती पडत नसली तरी तो पाठीला चिकटतो आणि दुपारपर्यंत त्याला वास येऊ लागतो. शर्ट शुद्ध सुती घ्यावा. रोजच्या प्रवासासाठी सुरकुती कमी हवी असेल तर सुताचे प्रमाण निम्म्याहून बरेच जास्त असलेले मिश्र कापड चालेल.

कोटाला लोकर म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. परंतु विरळ विणीची हलकी लोकर मुंबईत पॉलिएस्टर-व्हिस्कोजपेक्षा कितीतरी सुखाची असते, कारण तिच्यातून वारा खेळतो आणि रात्रभर हँगरवर ठेवली की तिच्या सुरकुत्या आपोआप उतरतात. दुकानात 'सुपर १००', 'सुपर १२०' असे आकडे सांगतात, त्यांना भुलू नये. तो आकडा तंतूच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० मध्ये तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा जास्त नसते आणि सुपर १२० मध्ये १७.७५ पेक्षा. आकडा वाढला की कापड मऊ होते, पण झिजतेही लवकर. लोकलमध्ये रोज घासला जाणारा कोट सुपर १०० च्या आसपासचा असणे शहाणपणाचे. अस्तर पाठीला अर्धेच लावून घ्यावे.

कापड घेताना ते मुठीत घट्ट दाबून दहापर्यंत मोजावे आणि सोडावे. घड्या ताबडतोब सैल होऊ लागल्या तर बैठकीतून उठल्यावरही ते तसेच वागेल. शंका असेल तर काठाचा एक धागा मागून घेऊन जाळून पाहावा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. मंगलदास मार्केटमध्ये किंवा मुळजी जेठा मार्केटमध्ये जुने व्यापारी यावर रागावत नाहीत. उलट गिऱ्हाइक पारखी आहे हे ओळखून आतला माल काढतात, असा माझा अनुभव आहे. दुप्पट पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६० मीटर, पँटला १.२० मीटर आणि दोन तुकड्यांच्या सूटला तीन ते सव्वातीन मीटर लागते. चौकडीचे कापड असेल तर खिशाशी आणि बटणपट्टीशी रेघा जुळवण्यासाठी थोडे जास्त घ्यावे.

फोर्टातला वकील

चर्चेचा धागा उत्तम चालला आहे. आम्हा वकिलांना काळा कोट चुकत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, परंतु मी उच्च न्यायालयात काम करत असल्यामुळे मे महिन्यातही तो अंगावर असतोच. तेव्हा प्रवासाबद्दल अनुभवाने सांगतो.

लोकलमध्ये कोट अंगात घालून कधीही प्रवास करू नये. तो दंडावर टाकूनही नेऊ नये, कारण गर्दीत त्याचा बोळा होतो. एक खांदा उलटा करून त्याचे अस्तर बाहेर काढावे, दुसरा खांदा त्या उलट्या खांद्यात बसवावा, मग कोट उभा दुमडावा. म्हणजे धूळ लागते ती अस्तराला आणि खांद्यांचा आकारही टिकतो. अशी घडी पातळ सुती पिशवीत घालून बॅगेत सर्वांत वर ठेवावी. शर्टही शक्य तर बदलावा. मी गेली कित्येक वर्षे जाड सुती टी-शर्टवर प्रवास करतो आणि कार्यालयात पोहोचल्यावर तोंड-मान ओल्या रुमालाने पुसून, पंख्याखाली दहा मिनिटे बसून, मगच इस्त्रीचा शर्ट घालतो. ही दहा मिनिटे फार मोलाची आहेत. घाम येत असतानाच कोरडा शर्ट घातला तर तोही भिजतो आणि सारी मेहनत वाया जाते. त्यासाठी एक लोकल आधीची पकडावी लागली तरी पकडावी.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन उठून दिसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फिकट राखाडी किंवा त्वचेच्या रंगाच्या जवळचा घातला तर दिसत नाही.

ठाणेकर

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. या सगळ्याची खरोखर एवढी गरज आहे का? कोट आणि टाय हा थंड देशातला वेश आहे आणि तो आपण इंग्रजांकडून घेतला. माणसाचे काम चोख असेल तर त्याची बाही अर्धा इंच लांब असल्याने काय बिघडते? आपण कपड्यांवरून माणसाची पारख करणे थांबवले पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

फोर्टातला वकील

ठाणेकर, तुमच्या प्रश्नामागची तळमळ मला समजते आणि वेश हवामानाला धरून असावा, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु पोशाख म्हणजे केवळ दिखावा, असे मानणे आपल्याच इतिहासाला धरून नाही. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि दागिन्यांनी मढलेले इथले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. तो वेश त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. बाबासाहेबांनीही तितक्याच विचाराने उलट दिशेची निवड केली. ज्या लोकांना चांगले कपडे घालण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या पुढाऱ्याने मापात शिवलेला सूट घालून न्यायालयात आणि सभागृहात उभे राहणे याला फार मोठा अर्थ होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले, तेही याचसाठी. महाराष्ट्रातल्या गावागावांतल्या पुतळ्यांवर तो कोट आजही आहे.

डोंबिवलीकरांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले आहे की बाहीमुळे त्यांचे अर्धे लक्ष आकड्यांवरून उडाले. मला वाटते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. कपडा नीट बसला की माणूस तो विसरतो आणि कामाला लागतो.

ठाणेकर

फुल्यांचा तो प्रसंग मी विसरलो होतो. निवड विचारपूर्वक असावी, हे मला पटते. तरीही मुंबईत टायची सक्ती नसावी, या मतावर मी ठाम आहे.

गिरगावचा शिंपी

टायबद्दल मी ठाणेकरांच्या बाजूचा आहे. समोरचे टाय लावणारे असतील तर लावावा, एरवी उत्तम कॉलरचा शर्ट पुरे. लावलाच तर त्याचे टोक पट्ट्याच्या बक्कलपाशी संपावे.

पार्लेकरीण

पुरुषांच्या धाग्यावर लिहिते आहे, कारण आमच्या घरी तीन पुरुषांच्या कपड्यांची निगा मी वीस वर्षे राखली आणि आता दोन्ही मुलांना ती स्वतः राखायला शिकवले आहे. कृपया हे काम आईवर किंवा पत्नीवर सोडू नका. ज्याचा कपडा त्याने तो ओळखावा.

काखेतले पिवळे डाग केवळ घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या उत्पादनांतली ॲल्युमिनियमची क्षारे आणि घाम यांच्या संयोगाने ते पडतात, म्हणून त्यांवर ब्लीच ओतले की ते आणखी गडद होतात. खाण्याच्या सोड्याची पाण्यात जाडसर पेस्ट करून अर्धा तास लावून ठेवावी, जुन्या दातघासणीने हळू चोळावे आणि गार पाण्याने धुवावे. शर्ट उतरवल्यावर तो लगेच दोरीवर पसरावा. ओला शर्ट बादलीत कोंबून ठेवला की पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी काळे ठिपके येतात आणि ते सहसा जात नाहीत.

इस्त्री करताना शर्ट किंचित दमट असावा. कॉलर टोकांकडून मध्याकडे आणावी, नाहीतर टोकाशी चुणी साठते. गडद रंगाच्या पँटला आणि कोटाला उलट बाजूने किंवा वर ओला सुती पंचा घालून इस्त्री करावी, कारण थेट गरम इस्त्रीने गुडघ्यांवर आणि सीटवर चकाकी येते. पांढऱ्या शर्टाला खळ हलकीच द्यावी. फार कडक खळीने घडीवरचा धागा तुटतो. कोट लाँड्रीतून आला की प्लॅस्टिकची पिशवी त्याच दिवशी काढून टाकावी, कारण आत ओल कोंडून बुरशी धरते.

चर्मकाम

बुटांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चामड्याचा एकच जोड रोज घालू नये. पायाचा घाम चामड्यात मुरतो आणि तो सुकायला एक पूर्ण दिवस लागतो. दोन जोड आलटून पालटून घातले तर दोन्ही मिळून चौपट टिकतात, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात रबरी तळाचे बूट घ्यावेत. हिंदमाता परिसरात पाणी साचले की भलेभले चामड्याचे तळ एका संध्याकाळीत सुटतात. त्यापेक्षा प्रवासात प्लॅस्टिकचे पावसाळी बूट घालावेत आणि कार्यालयात एक जोड ठेवावा. भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नयेत, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवावेत आणि बोळे तीन-चार तासांनी बदलावेत. मोजे पोटरीपर्यंतचे घ्यावेत, म्हणजे पायावर पाय टाकून बसल्यावर नडगी उघडी पडत नाही. पट्टा बुटाच्या रंगाचा.

मंत्रालयाजवळचा

मी सरकारी सेवेत आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबाबत परिपत्रक काढले होते आणि त्यात आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असे म्हटले होते. त्या निमित्ताने मी खादीचा पूर्ण बाहीचा शर्ट शिवून घेतला आणि आता तो शुक्रवारपुरता राहिलेला नाही. मुंबईच्या हवेला इतके मानवणारे कापड मी दुसरे पाहिले नाही; फक्त ते मापात शिवलेले हवे.

डोंबिवलीकरांच्या घरच्या लग्नाबद्दल लिहितो. तुम्ही वधूचे भाऊ आहात, म्हणजे कानपिळीला बसणार, पाहुण्यांना हवे-नको विचारणार, पंगतीत वाढणार. तिथे कोट घालून गुदमरू नका. सुती-रेशमी झब्बा, सुरवार आणि खांद्यावर उपरणे एवढे पुरेसे आहे. पायांत कोल्हापुरी असावी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा मशीनवर ठोकलेली नक्कल न घेता हाताने शिवलेली घ्या आणि आठवडाभर आधीपासून घरात वापरा, नाहीतर लग्नाच्या दिवशी अंगठ्याशी फोड येतो. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला बंदगळा (बंद कॉलरचा कोट) शिवून घेतलात तर टायचा प्रश्नच उरत नाही आणि पुढे कार्यालयाच्या समारंभांनाही तो चालतो. फक्त गळा गच्च करू नका.

डोंबिवलीकर

सर्वांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आणि त्याप्रमाणे वागलो, म्हणून कळवतो.

गेल्या शनिवारी मंगलदास मार्केटमध्ये जाऊन गडद निळ्या रंगाची हलकी लोकर सव्वातीन मीटर घेतली. मूठ आवळून दहापर्यंत मोजले, तेव्हा दुकानातले आजोबा हसले आणि त्यांनी आतून दुसरा तागा आणून तो माझ्या हातात दिला. त्या दोन कापडांतला फरक डोळ्यांना दिसत नव्हता, पण बोटांना कळत होता. काल दादरच्या एका शिंप्याकडे पहिली ट्रायल झाली. त्यांनी न सांगताच उजवा खांदा ओळखला आणि तिथे खडूने खूण केली. पाठीवर कच्चे टाके, एका बाजूला बाही नाही, अशा अवस्थेतही कॉलर मानेला टेकून राहिली होती. आपल्याच अंगावरचा कोट असा बसू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिले.

आधीचा कोट त्यांना दाखवला. खांद्याला काही करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि पैसे घेण्याचे टाळले.

गिरगावचा शिंपी

चांगला माणूस भेटला तुम्हाला. दुसऱ्या ट्रायलला नुसते उभे राहू नका. खुर्चीवर बसा, दोन्ही हात पुढे करा, वरची दांडी धरल्यासारखा हात वर करा आणि शिंप्याकडून कागद-पेन मागून एक सही करून पाहा. बाही कागदाला लागली तर काजे पाडण्याआधी तिथल्या तिथे सांगा.

डोंबिवलीकर

पेन खिशात ठेवूनच जाईन, काका. दुसरी ट्रायल येत्या गुरुवारी आहे.